१९६९च्या शेव्हेलसाठी त्याच काळातलं ३९६ इंजिन कसं शोधावं?

नोव्हीकर | ४ मे

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या नोव्हेंबरात एक जुनं वेड पुरं केलं. १९६९ची शेव्हर्ले शेव्हेल घेतली. एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६, दोन दारी, चार गिअर. टोलेडोजवळच्या एका आजोबांच्या गराजात तीसेक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मिशिगन-ओहायोच्या रस्त्यावरच्या मिठाचा विचार करता पत्रा फारच बरा आहे. पण बॉनेट उघडलं की रडू येतं. आत कुठल्याशा पिकअपचं ३५० स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान बांध्याचं व्ही-८, बसवलंय. मूळच्या ३९६ घन इंची बिग ब्लॉकचा कनेक्टिंग रॉड ऐंशीच्या दशकात ब्लॉक फोडून बाहेर आला आणि तेव्हाच्या मालकानं तो ब्लॉक सरळ भंगारात घातला.

म्हणजे मूळ इंजिन परत मिळण्याची आशा शून्य. मला हवंय ते त्याच काळातलं. १९६९चं ३९६, ३२५ हॉर्सपॉवरवालं, आणि ब्लॉकची ओतकामाची तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची. फायरवॉलवरच्या पट्टीवर ०३सी आहे, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. गाडी बाल्टिमोरच्या कारखान्यातली.

कुणी हा उद्योग केलाय का? कुठे शोधू, काय तपासू, कशाला भुलू नको?

वाचनमात्र | ४ मे

अडाणी प्रश्न. मूळ इंजिन नाही, तर ही एसएसच होती हे कशावरून? उद्या कुणी साध्या शेव्हेल मालिबूला बिल्ले चिकटवून विकली असेल तर?

नोव्हीकर | ४ मे

अडाणी नाही, हाच पहिला प्रश्न विचारायचा असतो. १९६८पर्यंत एसएस ३९६ ही वेगळी मालिका होती, चासी नंबर १३८ने सुरू व्हायचा. १९६९ला ती नुसती पर्यायांच्या यादीतली एक ओळ झाली, झेड२५. त्यामुळे माझ्या गाडीचा नंबर १३६ने सुरू होतो, कुठल्याही व्ही-८ मालिबूसारखाच. त्या वर्षी ८६ हजारांवर एसएस विकल्या गेल्या आणि एकीच्याही चासी नंबरावरून ते कळत नाही! बिल्लेवाल्यांचं फावलं ते त्यामुळे.

माझ्याकडे दोन पुरावे. एक म्हणजे मागचा बारा बोल्टांचा ॲक्सल आणि ३/८ इंची पेट्रोलची नळी. साध्या मालिबूला नळी ५/१६ असायची. दुसरा जास्त मोलाचा. पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा वर दाबून ठेवलेला कारखान्याचा कागद मिळाला, कोणते भाग बसवायचे त्याची यादी. अर्धा उंदरांनी खाल्लाय. पण इंजिनाची चौकट शाबूत आहे. उंदीरही शेव्हर्लेप्रेमी असावा.

टेक्सासचा_बाळ्या | ५ मे

एलएस, म्हणजे शेव्हर्लेचं नव्या पिढीचं व्ही-८, टाका नि मोकळे व्हा. फ्युएल इंजेक्शन, थंडीत एका चावीत चालू. बिग ब्लॉकच हवा असेल तर शेव्हर्लेच झेडझेड५०२ खोक्यात भरून विकते, वॉरंटीसकट. पन्नास वर्षांपूर्वीचं लोखंड हुडकत हिंडायचं म्हणजे हौसेला मोल नाही वगैरे ठीक, पण बॉनेट उघडून तारखा वाचणारे जगात किती असतात हो?

नोव्हीकर | ५ मे

बाळ्या, तुझं बरोबर आहे आणि मला ते नको आहे. मोजून दोघं वाचतील. त्यातला एक मी.

अपर्णा_क्लीव्हलंड | ५ मे

तिसरी मी वाचेन. आमच्याकडे १९६७ची पॉन्टियाक जीटीओ आहे. नवरा नुसता चालवतो, ग्रीसचे हात माझे. आम्ही या सगळ्यातून गेलोय, फक्त पॉन्टियाकवाल्यांचं नशीब बरं. कारखान्याच्या नोंदी टिकल्या आणि पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसला पैसे भरले की गाडीचा कागद घरपोच येतो. कॅनडात विकलेल्या गाड्यांची माहिती जीएम कॅनडा देते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हर्लेला तसं काही नाही, तेव्हा तो उंदरानं खाल्लेला कागद आधी आम्लविरहित पाकिटात घाल. लॅमिनेशन करू नकोस!

आता मुद्द्याचं. तीन वेगळे आकडे असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिला ओतकामाचा नंबर. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जोडतात त्या) कडेवर, उठावाचा. १९६९च्या ३९६ साठी ३९५५२७२ शोध. ३९३५४४० पण त्याच सुमाराचा.

दुसरी ओतकामाची तारीख, तीही उठावाची. महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस, मग वर्षाचा एकच आकडा. 'सी ४ ९' म्हणजे ४ मार्च १९६९.

तिसरा ठोकलेला नंबर. पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या पुढे ब्लॉकची जी सपाट जीभ बाहेर येते त्या पॅडवर. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा कारखाना, पुढे जुळणीचा महिना-दिवस, मग कोणत्या गाडीसाठी आणि कोणत्या गिअरबॉक्ससाठी ते सांगणारी दोन अक्षरं. १९६८पासून शेजारी गाडीच्या चासी नंबराचा तुकडाही ठोकलेला असतो.

तुला हवा तो क्रम असा: आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. मध्ये काही आठवडे गेलेले चालतात, दोन-तीन महिनेही चालतात. उलटा क्रम चालत नाही.

शिरोलीचा_ओतारी | ६ मे

धागा बघून राहवलं नाही. गाडीतलं मला शष्प कळत नाही, पण ब्लॉक ओतण्यात बावीस वर्षं गेली. कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी.

ताईंनी सांगितलेल्या दोन उठावाच्या आकड्यांत फरक का असतो, ते सांगतो. ओतकामाचा नंबर पॅटर्नवरच, म्हणजे वाळूचा साचा ज्या नमुन्यावरून घेतात त्यावरच, कायमचा असतो. पॅटर्न बदलेपर्यंत तोच, वर्ष दोन वर्षं चालला तरी तोच. तारीख मात्र रोज बदलायची, म्हणून ती सुट्ट्या पट्टीवर असते. पट्टी स्क्रूनं पॅटर्नला बसवायची, सकाळी पाळीच्या सुरुवातीला पोरगं येऊन बदलतं. विसरलं की कालचीच तारीख पडते. तेव्हा एखाद दिवसाच्या फरकानं डोकं फिरवून घेऊ नका.

आणि जुना ब्लॉक घेताना भिंतीची जाडी मोजून घ्या, अल्ट्रासॉनिकनं. मोल्डमध्ये वाळूचा कोअर (आतली पोकळी करणारा भाग) जरा सरकला की सिलिंडरची एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. बाहेरून काय पण दिसत नाही. बोअर मारला की मग पातळ बाजू बोंबलते.

जुनी_फियाट | ६ मे

ओतारीबुवा +१. सुंदर प्रतिसाद.

नोव्हीकर, एक कुतूहल. तिथे इंजिन बदललं की कागदोपत्री काय? आपल्याकडे आरसीवर इंजिन नंबर असतो, बदललं तर आरटीओची परवानगी आणि नोंद. आमच्या फियाट ११०० मध्ये आधीच्या मालकानं पद्मिनीचं इंजिन टाकलं होतं आणि नोंद केली नव्हती. पासिंगला गेलो तेव्हा कळलं. सहा महिने मी आणि ती फियाट दोघंही आपापल्या कागदांच्या शोधात.

अवांतर: ३९६ घन इंच म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटर. आठांनी भागा. एकेका सिलिंडरात ८११ सीसी. मारुती ८००चं अख्खं इंजिन ७९६चं होतं!

नोव्हीकर | ६ मे

आठ मारुत्या एका बॉनेटखाली, हे वाक्य आता बायकोला ऐकवणार नाही. पेट्रोलचा हिशेब ती लगेच करेल.

इथे टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, चासी नंबर असतो, इंजिनाचा सहसा नसतो. म्हणून कायद्याची कटकट कमी आणि म्हणूनच लबाडीला वाव जास्त. ओतारीबुवा, सुट्ट्या पट्टीची गोष्ट इथल्या भल्याभल्यांनी मला सांगितली नव्हती. धन्यवाद.

अपर्णा_क्लीव्हलंड | ७ मे

शोधायचं कुठे ते राहिलंच. एप्रिलचा कार्लाइलचा जुन्या गाड्यांचा नि भागांचा बाजार हुकला तुझा. तिथलाच शरद ऋतूतला आहे, ऑक्टोबरात हर्शीचा आहे. दोन्ही पेनसिल्व्हेनियात. विस्कॉन्सिनला जुलैत आयोलाचा. पण माझं ऐकशील तर 'शेव्हेलचं ३९६' शोधूच नकोस, त्या शब्दांना पैसे पडतात. १९६९ला शेव्हर्लेच्याच मोठ्या इम्पालालाही ३९६ मिळायचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं, २६५ हॉर्सपॉवरचं. पिकअपलाही मिळायचं. हाच ब्लॉक, त्याच भट्टीतला. पॅडवरची दोन अक्षरं तेवढी वेगळी. तुझ्या गाडीसाठी ती तशीही कधी 'मूळ' होणार नाहीत.

आणखी एक, पॅडवर सीई दिसलं तर नाक मुरडू नकोस. ते वॉरंटीत बदलून दिलेल्या इंजिनाचं चिन्ह, पुढचा आकडा वर्षाचा. रॉड बाहेर आलेल्या गाडीला त्या काळी डीलरनं हेच बसवलं असतं.

नोव्हीकर | २२ जून

मधल्या काळाचा अहवाल.

इंडियानातल्या एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. '१९६९ शेव्हेल एसएसचं ३९६, ३२५ एचपी, मॅन्युअल, मार्चचं.' माझ्यासाठीच केल्यासारखं. किंमत साडेचार हजार डॉलर, नुसत्या शॉर्ट ब्लॉकला (हेडशिवायच्या खालच्या अर्ध्या इंजिनाला). पॅडचा फोटो मागवला, नंबर अगदी बरोबर. साडेतीन तास गाडी हाकत गेलो, ट्रेलर घेऊन.

जुनी_फियाट यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं की टॉर्च आडवा धरून बघ. पॅड थिनरनं पुसला आणि टॉर्च आडवा धरला. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनवर तासायचे. त्याच्या बारीक सरळ रेघा इंजिनाच्या लांबीच्या दिशेनं पॅडवर उरतात, पन्नास वर्षांनीही नखाला लागतात. इथे एकही रेघ नाही. पॉलिश पेपर फिरवल्यासारखे गोल ओरखडे. आकडेही एका ओळीत नाहीत, दुसरा शून्य खाली घसरलेला. जुळणीचा नंबर कारखान्यात एकत्र बांधलेल्या ठशानं पडायचा, तो असा नाचत नाही.

तरी मनाची समजूत घालत होतो. एवढ्या लांब आलोय, असेल बाबा. मग खाली वाकून ओतकामाची तारीख पाहिली, वायर ब्रशनं घासून.

जी ९ ९.

९ जुलै १९६९. आणि पॅडवर मार्चची जुळणी!

शिरोलीचा_ओतारी | २२ जून

ओतायच्या आधी चार महिने जुळणी? नाद खुळा. हे तंत्र आमच्या भट्टीला पायजे, दिवाळीची ऑर्डर आत्ताच पाठवून देतो.

वाचनमात्र | २२ जून

विक्रेता काय म्हणाला?

नोव्हीकर | २३ जून

'मी असंच घेतलं होतं.' खरंही असेल. भांडलो नाही. रिकामा ट्रेलर महामार्गावर फार खडखड करतो, एवढंच सांगतो.

कायदेपंडित | २३ जून

सैतानाची वकिली करतो. समजा तुम्ही अस्सल मार्चचा ब्लॉक आणला आणि पॅडवर तुमच्याच गाडीचा नंबर ठोकलात. गाडी तुमची, ब्लॉक तुमचा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलंत की हे नंतर ठोकलेलं आहे. मग फसवणूक कुठे झाली? नवीन पत्रा टाकतोच ना आपण, नवा रंगही देतो. नंबरालाच एवढं सोवळं का?

टेक्सासचा_बाळ्या | २३ जून

हे मात्र पटलं. रंग चालतो, नंबर चालत नाही, हा काय न्याय?

जुनी_फियाट | २३ जून

पंडित, तुम्ही सांगाल हो. तुमचं गिऱ्हाईक पुढच्याला सांगेल का? आणि त्याच्या पुढचा? तोंडी सांगितलेलं दोन मालकांत विरतं, लोखंडात ठोकलेलं राहतं. नवा रंग पाहून कुणी 'हा १९६९चा रंग' म्हणून दहा हजार डॉलर जास्त देत नाही. नंबर पाहून देतात.

अपर्णा_क्लीव्हलंड | २४ जून

शिवाय ठोकायचं तर आधीचा नंबर घासावा लागतो. म्हणजे एका खऱ्या गाडीची खूण पुसून दुसरीची खोटी करायची. आमच्या ओळखीत एकांची मोडकी कॅमेरो आहे, ते वीस वर्षं तिचं मूळ इंजिन शोधताहेत. कुणी त्याचा पॅड घासला असेल तर ते त्यांच्या हाताखालून जाईल आणि त्यांना कळणारही नाही.

पंडितांचा मुद्दा बिनतोड आहे हे मान्य. तरी मी करणार नाही.

कायदेपंडित | २४ जून

मोडक्या कॅमेरोचा दाखला कायद्यात बसत नाही, पण हरलो. हलके घ्या.

नोव्हीकर | १७ ऑगस्ट

मिळालं!!

अपर्णाताईंचा सल्ला लावून 'इम्पाला' शोधत राहिलो. ओहायोत एका शेतावर १९६९च्या इम्पालाचं इंजिन, पंपाला लावायचं म्हणून ठेवलेलं आणि कधी न लावलेलं. कार्ब्युरेटरपासून तेलाच्या पॅनपर्यंत अख्खं, चौदाशे डॉलर. तीनशे किलोचं धूड ट्रॅक्टरच्या लोडरनं ट्रेलरवर ठेवलं, शेतकऱ्यानं वर मक्याची कणसं दिली.

ओतकाम नंबर ३९५५२७२. तारीख बी १२ ९. पॅडवर टी०२२५. म्हणजे १२ फेब्रुवारीला ओतला, २५ला जुळला. माझी गाडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. ब्रोचिंगच्या रेघा अशा की हात फिरवत बसलो. शेजारी त्या इम्पालाचा चासी नंबर. तो तसाच राहणार. बॉनेट उघडून वाचणाऱ्या त्या दोघांना कळेल की हे इंजिन इम्पालाचं आहे, कळू दे.

शेतकऱ्याला मात्र एक प्रश्न विचारायला विसरलो, तो वाटेत आठवला. या ब्लॉकनं किती हिवाळे काढले, आणि आत पाणी होतं का?

शिरोलीचा_ओतारी | १७ ऑगस्ट

तोच विचारणार होतो. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं, लोखंड फुगत नाही. वॉटर जॅकेटची बाजूची भिंत आडवी उकलते.

टेक्सासचा_बाळ्या | १७ ऑगस्ट

त्यासाठीच फ्रीझ प्लग असतात ना? गोठलं की ते उडतात आणि ब्लॉक वाचतो.

शिरोलीचा_ओतारी | १८ ऑगस्ट

बाळासाहेब, त्या भोकांचा थंडीशी काय संबंध नाही. आतल्या वाळूच्या कोअरला आधार द्यायला आणि ओतल्यावर ती वाळू झटकून बाहेर काढायला ती ठेवलेली असतात. मग टोपण मारून बंद करायची, म्हणून कोअर प्लग. गोठल्यावर कधी टोपण सुटतं, कधी ब्लॉक आधी उकलतो. भरवसा ठेवायचा नाही. मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबकानं तडे शोधायची तपासणी, करून घ्या.

नोव्हीकर | ९ सप्टेंबर

मशीन शॉपमधून आलो. मॅग्नाफ्लक्समध्ये तडा नाही. भिंती सगळीकडे पुरेशा जाड, पाच नंबरची एका बाजूला जरा बारीक (ओतारीबुवांचा सरकलेला कोअर!), तरी ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बोअर मारायला हरकत नाही. गंमत अशी की ४.०९४ इंचांचा बोअर ३० थाऊनं वाढवला की इंजिन होतं सुमारे ४०२ घन इंच. १९७०ला शेव्हर्लेनं स्वतःच बोअर ४.१२६ केला, इंजिन ४०२ झालं, आणि गाडीवर बिल्ला ३९६चाच ठेवला. तेव्हा माझ्या खोटेपणाला कंपनीचीच परंपरा आहे.

हेड वेगळी शोधतोय, ३९३१०६३ नंबरची. चार बॅरलचा बिडाचा मॅनिफोल्ड आणि क्वाड्राजेट कार्ब्युरेटर कार्लाइलला बघेन.

जुनी_फियाट | ९ सप्टेंबर

थांबा थांबा. ब्लॉकला फेसिंग मारायला, म्हणजे माथा तासून सपाट करायला, सांगितलंत का? पॅड आणि माथा एकाच पातळीत असतात. कटर एकदा फिरला की रेघाही गेल्या आणि नंबरही. कुणाची लबाडी नाही, काही नाही. साध्या चांगल्या कामात जातो.

नोव्हीकर | ९ सप्टेंबर

अरे देवा. फोन करतो.

नोव्हीकर | १० सप्टेंबर

सकाळी सात वाजता त्यांच्या दारात उभा होतो. ब्लॉक मशीनवर चढलेला होता. मालक हसला, म्हणाला, 'वीस वर्षं बिग ब्लॉकच करतोय.' पॅडवर आधीच लाल मार्करनं फुली आणि वर टेप. कटर हेडच्या कडेला थांबवणार. तरी कापून होईपर्यंत तिथेच बसलो, वाईट कॉफी पीत.

अपर्णा_क्लीव्हलंड | १० सप्टेंबर

०६३ हेडची एक जोडी माझ्या माहितीत आहे, ॲक्रनला. तारखा जानेवारीच्या. निरोप पाठवते. व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या घालून घे, आताच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही. आणि नवा कॅम पहिल्यांदा चालवशील तेव्हा जस्तवालं तेल घाल, सुरू झाल्याबरोबर दोन हजार आरपीएमवर वीसेक मिनिटं ठेव. आयडलिंगला सोडलास तर कॅम खलास.

वाचनमात्र | ११ सप्टेंबर

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे गाडी नाही, गराज नाही, डॉलर नाहीत. तरी रोज येऊन बघतोय पुढे काय झालं.

शिरोलीचा_ओतारी | ११ सप्टेंबर

नोव्हीकर, एक काम करा. रंग मारायच्या आधी त्या ओतकामाच्या तारखेचा फोटो जवळून काढून टाका. आमच्या पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रींना दाखवायचाय.

नोव्हीकर | १२ सप्टेंबर

टाकलाय, खाली बघा. बी, मग १२, मग ९. पट्टीच्या दोन्ही टोकांना स्क्रूच्या डोक्यांचे ठसे पण उठलेत, खाचेसकट. पण उजवीकडचा स्क्रू नीट बसलेला दिसत नाही आणि ९ तिरका आलाय. असं का?

शिरोलीचा_ओतारी | १२ सप्टेंबर

मिस्त्रींना दाखवला. म्हणाले, उजवा स्क्रू अर्धाच आवळलाय, पट्टी तिकडून उचललीय. कॅलेंडर काढून बघितलं, १२ फेब्रुवारी १९६९ला बुधवार होता. 'पोरगं घाईत होतं,' म्हणाले.